हेवी मेटल, हलगी आणि कानातली शिट्टी

दर वर्षी चैत्रापासून पुढे माझ्या ओपीडीत एका ठराविक तक्रारीचे पेशंट वाढतात. "कानात शिट्टी वाजायलीय साहेब." "रातकिडा बसल्यावानी किर्र करायलंय." "माणूस बोलतोय ते कळतंय, पण शब्दच उमजंना गेलेत." त्यांत हलगीवाले असतात, संबळवाले असतात, बेंजो पार्टीतली पोरं असतात, डीजेच्या गाडीवर जनरेटरला टेकून बसणारे असतात. गेल्या वर्षी मात्र या रांगेत एक वेगळाच वादक येऊन बसला. कळंब तालुक्यातल्या एका गावचा, पुण्यात नोकरी करणारा, आणि शनिवार-रविवारी हेवी मेटल बँडमध्ये ड्रम वाजवणारा. दीड महिन्यानं त्याचा बँड युरोपला निघणार होता. सोबत त्याचे चुलते आले होते, ज्यांनी चाळीसेक वर्षं येडाईच्या यात्रेत संबळ वाजवला आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला दोघांचीही परवानगी आहे.)

हेवी मेटल म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इलेक्ट्रिक गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज, दोन्ही पायांनी वाजवलेला भला मोठा ड्रम आणि बरेचदा पोटातून काढलेली डरकाळी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा गोंगाट वाटतो. मला तो आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. एमबीबीएसला असताना, १ फेब्रुवारी २००८ रोजी, मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलाच्या मैदानावर आयर्न मेडनला ऐकायला मी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात कापूस भरल्यासारखं वाटत होतं. त्या बधिरपणाविषयी पुढे बोलूच.

या संगीताची युरोपात दर उन्हाळ्यात एक यात्रा भरते. एक नव्हे, अनेक. जूनमध्ये फ्रान्समधलं हेलफेस्ट आणि बेल्जियममधलं ग्रासपॉप, ऑगस्टमध्ये चेक प्रजासत्ताकातला ब्रूटल असॉल्ट, इंग्लंडमधला ब्लडस्टॉक. ब्रूटल असॉल्ट तर एका जुन्या किल्ल्यात भरतो. आपल्या नळदुर्गात भरवल्यासारखा. या सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे जर्मनीतलं वाकेन. वाकेन हे उत्तर जर्मनीतलं सुमारे दोन हजार वस्तीचं खेडं. १९९० साली तिथे काही शे लोकांत सुरू झालेल्या या मेळ्याला आता ऐंशी हजारांच्या आसपास माणसं येतात. शेतकऱ्यांची कुरणं तंबूंना दिली जातात, गावच्या अग्निशमन दलाचा स्वतःचा बँड मेटल ऐकायला आलेल्या पाहुण्यांपुढे वाजवतो, आणि २०१७ साली बिअर नेण्यासाठी जमिनीखालून पाइपलाइन टाकली गेली. येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेला किती वस्तीच्या गावात किती माणूस उतरतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. चिखलाचं मात्र वाटेल. २०२३ साली पावसानं वाकेनची रानं इतकी बसली की वाटेत असलेल्या हजारो लोकांना आत घेणं थांबवावं लागलं. आपल्याकडे यात्रेत धूळ, त्यांच्याकडे चिखल.

आपली मंडळी तिथे पोहोचली आहेत. मुंबईचा 'डेमॉनिक रेसरेक्शन' हा साहिल मखिजानं २००० साली उभा केलेला बँड २०१४ मध्ये वाकेनला वाजवून आला. (हाच साहिल मखिजा स्वयंपाकाचा चॅनलही चालवतो आणि त्यात कीटो आहाराच्या पाककृती दाखवतो. मधुमेहाचे पेशंट, गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना हा आहार स्वतःच्या मनानं सुरू करू नका.) मुंबईचाच 'गटस्लिट' युरोपचे दौरे करत आला आहे, त्यांचा बेस वाजवणारा पगडी बांधून स्टेजवर येतो. दिल्लीचा 'ब्लडीवुड' २०१९ ला वाकेनला ढोल घेऊन गेला. माझ्या या पेशंटचा बँड यांच्या मानानं फार लहान. मोठ्या स्टेजवर नव्हे, दुपारच्या उन्हात, छोट्या तंबूत वाजवणारा. पण त्याच्यासाठी ते दहा वर्षांचं स्वप्न होतं.

तो आला होता आईच्या आग्रहामुळे. घरी आला की टीव्हीचा आवाज वाढवतो, आई स्वयंपाकघरातून हाक मारते ती ऐकू येत नाही, आणि रात्री डाव्या कानात बारीक शिट्टी. मी दोघांचीही ऑडिओमेट्री केली. म्हणजे हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीतले बारीक आवाज ऐकवायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. पंचवीस डेसिबलपर्यंतचे आवाज ऐकू आले तर कान चांगला. पोराचा आलेख सगळीकडे छान होता, फक्त चार हजार हर्ट्झला उजवा कान ३५ आणि डावा ४५ पर्यंत खाली गेलेला, आणि आठ हजारला पुन्हा वर आलेला. आलेखावर तो एक खड्डा दिसतो. ड्रम वाजवणाऱ्याचे हाय-हॅट हे झांजेसारखे पत्रे डाव्या हाताला असतात, म्हणून डावा कान जास्त खाल्ला गेलेला. चुलत्यांच्या आलेखात खड्डा नव्हता, कडाच होता. दोन हजारच्या पुढे सगळं ६० ते ७० च्या खाली.

मी दोन्ही कागद शेजारीशेजारी टेबलावर ठेवले. पोरगा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "सर, जाऊ नको असं तेवढं म्हणू नका."

मी तसं म्हणालो नाही. पण आधी कानात नेमकं काय होतं ते समजावून सांगितलं. तुम्हालाही सांगतो.

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक वळलेली नळी असते आणि तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी. आवाजाच्या लाटेनं या पेशींवरचे सूक्ष्म केस हलतात आणि मेंदूला खबर जाते. हरभऱ्याच्या रानातून एखाद्या दिवशी माणसं चालत गेली तर पीक लोळतं, पण सकाळपर्यंत पुन्हा उभं राहतं. आयर्न मेडननंतरचा माझा कापूस भरलेला कान म्हणजे हे लोळलेलं पीक. पण रोज त्याच वाटेनं माणसं जायला लागली तर तिथे पायवाट पडते, आणि पायवाटेवर काही उगवत नाही. माणसाच्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. तुडवल्या जाणाऱ्या पहिल्या पेशी शंखाच्या तोंडाजवळच्या असतात आणि त्या उंच पट्टीचे आवाज ऐकतात. म्हणून नुकसान चार हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होतं.

मराठीत स, श, च, फ, ठ यांसारख्या व्यंजनांचा बराचसा ऐवज या उंच पट्टीत असतो. स्वर खालच्या पट्टीत. म्हणून असा माणूस म्हणतो, "आवाज येतोय, शब्द कळत नाही." चुलत्यांचंही तेच. आठवडी बाजारात 'आठ' का 'साठ' हे त्यांना कळत नाही, म्हणून त्यांनी बाजारात जाणंच सोडलं होतं. नातवंडांचा आवाज बारीक. तो तर पूर्ण गेलेला. संबळ मात्र अजून वाजवतात. हाताला ठेका कळतो म्हणाले, कानाची गरज लागत नाही.

आता हिशेब. ८५ डेसिबल आवाजात माणूस दिवसाला आठ तास काम करू शकतो, असा एक सर्वमान्य आडाखा आहे. आवाज तीन डेसिबलनं वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. १०३ ला साडेसात मिनिटं. ड्रम वाजवणाऱ्याच्या कानाशी शंभरच्या पुढचा आवाज सहज असतो. हलगी छातीशी धरून वाजवणाऱ्याचंही तेच, आणि संबळवाल्यामागे उभ्या असलेल्या झांजवाल्याचंही. डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्याचा दिवसाचा कोटा दोन-तीन गाण्यांतच संपतो.

पण हाच हिशेब उलटाही चालतो, आणि तीच यातली आशेची जागा आहे. संगीतकारांसाठी मिळणारे इअरप्लग सगळ्या पट्ट्यांतला आवाज साधारण पंधरा डेसिबलनं कमी करतात. म्हणजे १०३ चा आवाज कानाला ८८ चा होतो आणि साडेसात मिनिटांचे चार तास होतात. फोमचे पिवळे-नारिंगी प्लग तर काही रुपयांना मिळतात; ते शब्द जरा मळकट करतात, पण कान वाचवतात. घालायची पद्धत आहे: बोटांनी चोळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. अर्धवट अडकवलेला प्लग कामाचा नाही. कापसाचा बोळा तर जवळजवळ निरुपयोगी. तो आवाज अडवत नाही, फक्त काळजी घेतल्याचं समाधान देतो.

पोराला प्लग माहीत होते. "घालत का नाहीस?" तर म्हणे, स्टेजवर स्नेअरचा कडक आवाज मेल्यासारखा वाटतो, वाजवायची मजा जाते. हे कारण खोटं नाही. कोणत्याही वादकाला विचारा, हेच सांगेल. मी त्याला एवढंच सांगितलं की दीड महिना रोज सरावात घाल, कानाला तो नवा आवाज सवयीचा होऊ दे. स्टेजवर पहिल्यांदा घालशील तर काढून फेकशील. आणि दुसरी गोष्ट, जी त्यानं कधी मोजलीच नव्हती. त्याचं स्वतःचं वादन पस्तीस मिनिटांचं. पण फेस्टिव्हलमध्ये तो दिवसाचे दहा तास इतरांच्या आवाजात उभा असणार. कान खरा तिथे जातो.

बाकी तयारी साधीच होती, पण परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. त्याचा कागद आणि मदतीचा फोन नंबर बॅगेत नव्हे, खिशात ठेवावा. रोजच्या गोळ्या पूर्ण दिवसांच्या आणि चार जास्त, मूळ वेष्टनात, हातातल्या सामानात, सोबत औषधाच्या मूळ नावानं लिहिलेली चिठ्ठी. तिथे मेडिकलवर जाऊन 'एक स्ट्राँग अँटिबायोटिक द्या' म्हणता येत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन किती वर्षांपूर्वी घेतलं ते पाहावं.

सतरा दिवसांत अकरा कार्यक्रम करून तो परत आला आणि माझ्यासमोर बसून तासभर बोलत राहिला. नऊ आसनांची भाड्याची गाडी, मागे सामानाची ट्रॉली. कार्यक्रम संपला की वाद्यं भरायची आणि रात्रीतून सहा-सातशे किलोमीटर. झोप बसल्या जागी, मान एका बाजूला पडलेली. ड्रमचा मोठा संच सगळ्या बँडना मिळून एकच. आपला फक्त स्नेअर, पत्रे आणि पायाचं पेडल. स्टेजवर चढल्यापासून वीस मिनिटांत सगळं जोडायचं, पस्तीस मिनिटं वाजवायचं, दहा मिनिटांत उतरायचं. मानधनात गाडीचं डिझेल निघत नाही, म्हणून उरलेला वेळ टेबल टाकून टी-शर्ट विकायचे. "आपल्या यात्रेतल्या पालवाल्यांसारखंच की सर," म्हणाला. जेवायला पाव आणि चीज. आईनं दिलेली शेंगाची चटणी पाचव्या दिवशी संपली, कारण गाडीतल्या जर्मन ड्रायव्हरला ती फार आवडली.

त्याला सगळ्यात नवल वाटलं ते लेकरांचं. तिथे आई-बाप लहान पोरांना खांद्यावर घेऊन मेटल ऐकायला येतात, पण पोराच्या कानावर मोठं जाड संरक्षक कव्हर असतं. जर्मनीत प्रेक्षकांच्या जागी अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या वर जाऊ नये असं मानक आहे आणि आवाज मोजायला यंत्र लावलेलं असतं. आपल्याकडेही २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत: रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, दवाखाना-शाळेभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. मी दर वर्षी वरातीत डीजेच्या स्पीकरपुढे कडेवरचं तान्हं बाळ घेऊन उभ्या असलेल्या बाया बघतो. त्या बाळाला 'कान दुखतोय' हे सांगता येत नाही. ते रडतं, आणि त्याला भूक लागली असं आपण समजतो.

दौऱ्याच्या बाराव्या दिवशी त्याचा मला मेसेज आला होता. आदल्या रात्री वादनात डाव्या कानातला प्लग घामानं निसटला, थांबता येईना, आणि सकाळ झाली तरी शिट्टी थांबली नव्हती. मी विचारलं, ऐकू कमी येतंय का, कान अचानक बंद झाल्यासारखा वाटतोय का, चक्कर आहे का? अशा वेळी एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर ती तातडीची अवस्था असते. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर फायदा होण्याची शक्यता जास्त. 'मळ असेल' म्हणून तेल घालत आठवडा घालवायचा नाही. त्याला तसं काही नव्हतं, फक्त शिट्टी. म्हणून सांगितलं: आज आणि उद्या आवाजापासून पूर्ण लांब, आणि ऐकणं कमी झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. नेमका त्याच संध्याकाळी तिथे असा बँड होता ज्याची गाणी वाजवत तो ड्रम शिकला होता. तो गेला नाही. गाडी दीड किलोमीटर लांब लावून आत बसून राहिला, असं त्याचे मित्र सांगतात. तिथूनही ठोके ऐकू येत होते म्हणे. तिसऱ्या दिवशी शिट्टी नेहमीच्या पातळीवर आली आणि उरलेले कार्यक्रम त्यानं टेप लावून घट्ट केलेल्या प्लगनं वाजवले.

त्याच्या गायकाची मान मात्र आखडून आली होती. मेटलमध्ये ठेक्यावर डोकं जोरात वर-खाली झटकतात, त्याला हेडबँगिंग म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर लेख लिहिला होता. त्यांच्या हिशेबानं अशा गाण्यांची सरासरी गती मिनिटाला १४६ ठोके असते आणि त्या गतीनं मान ७५ अंशांहून जास्त फिरवली तर डोक्याला सौम्य इजा होऊ शकते. स्लेअर या बँडच्या टॉम अरायाला तर २०१० मध्ये मानेवर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि हेडबँगिंग कायमचं सोडावं लागलं. २०१४ मध्ये जर्मनीतल्या हॅनोवरच्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये एका पन्नाशीच्या माणसाची केस लिहिली. मोटरहेडच्या कार्यक्रमात डोकं झटकून आल्यावर काही आठवड्यांनी त्याची डोकेदुखी वाढत गेली. तपासलं तर कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्त साचलेलं. ऑपरेशननं तो बरा झाला.

हे वाचताना मला आपल्याकडचं घुमणं आठवतं. केस मोकळे सोडून, संबळाच्या लयीवर मान फिरवणाऱ्या बाया येरमाळ्याला, तुळजापूरला तुम्ही पाहिल्या असतील. त्यामागची श्रद्धा हा माझा विषय नाही, मानेचे मणके आणि मेंदूभोवतीच्या शिरा हा आहे, आणि त्या दोन्हीकडे सारख्याच असतात. शेकडो जण घुमतात आणि त्यांना काही होत नाही, हे खरं. पण साठीच्या पुढचं माणूस असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, आणि घुमल्यावर दोन-चार आठवड्यांत डोकं दिवसेंदिवस जास्त दुखायला लागलं, गुंगी आली, एक हात-पाय जड झाला, बोलणं अडखळलं, तर अंगारा लावा हवं तर, पण त्याच दिवशी सीटी स्कॅन करून घ्या. आणि डॉक्टरांना घुमल्याचं सांगा. लाजून ते सांगायचं राहून जातं.

परतल्यावर दोन दिवस कानाला विश्रांती देऊन मी त्याची ऑडिओमेट्री पुन्हा केली. डावा कान ४५. उजवा ३५. जसाच्या तसा. गेलेलं परत येणार नव्हतंच, पण अकरा कार्यक्रमांत आणखी काही गेलं नव्हतं. आता तो दर सहा महिन्यांनी येतो.

चुलत्यांना श्रवणयंत्र बसवलं. दोन आठवडे त्यांनी ते डबीत ठेवलं, कारण भांड्यांचा आवाज फार टोचतो म्हणे. मी आवाज थोडा कमी करून दिला आणि सांगितलं, आधी घरात, एकाच माणसाशी बोलताना घाला, बाजार नंतर. त्याला अडीच-तीन महिने गेले. या चैत्रात पुतण्यानं त्यांना प्लगची एक जोडी आणून दिली. संबळ बांधायच्या आधी श्रवणयंत्र काढून डबीत आणि प्लग कानात, असा क्रम लावून दिला आहे. मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाले, "गलका बारीक झालाय साहेब, पण माझा बोल सुटा सुटा लागायलाय." मग खिशातून तिसरी डबी काढून म्हणाले, हलगीवाल्या पोराच्या कानाचं माप घेऊन ठेवा, तो बाहेर बाकड्यावर बसलाय.